लॅम्डामध्ये एक्सेल वाचायचं-लिहायचं: पांडाज घ्यावं की ओपनपायएक्सएल?

हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही, कारण एक्सेल आणि पायथन म्हटलं की हात आपोआप पांडाजकडे जातो, म्हणजे टेबलातला डेटा हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीकडे. ओपनपायएक्सएल ही फक्त एक्सेल फाइल वाचायची-लिहायची लायब्ररी. लॅपटॉपवर ते बरोबरही आहे. पण तेच काम सर्व्हरलेस फंक्शनमध्ये (अमेझॉनचं लॅम्डा हे त्यातलंच) टाकायचं असेल, म्हणजे बकेटमध्ये, क्लाउडवरच्या फाइलींच्या साठ्यात, फाइल पडली की फंक्शन जागं होणार, फाइल वाचणार, काहीतरी तपासणार आणि दुसरी फाइल लिहून मोकळं होणार, तर मग निवड जरा वेगळी होते असं माझं मत झालंय. मी दोन्ही वापरलंय, दोन्ही अजून चालू आहेत, पण नवीन फंक्शन लिहायला घेतलं की मी काय उचलतो ते पुढे कळेलच.

आधी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक्सएलएसएक्स फाइल वाचताना पांडाज स्वतः काही वाचत नाही, डीफॉल्टने आतून ओपनपायएक्सएललाच बोलावतं, तेही रीड-ओन्ली मोडमध्ये, आणि मग मिळालेल्या सेल्सवर स्वतःचे संस्कार करून डेटाफ्रेम, म्हणजे त्याचं स्वतःचं टेबल, बनवतं. म्हणजे पांडाज घेतलं तरी ओपनपायएक्सएल पॅकेजमध्ये टाकावंच लागतं. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की त्या वरच्या थराची आपल्याला गरज आहे का.

पॅकेजच्या आकाराचं आधी उरकून टाकतो. लॅम्डाला झिप केलेलं पॅकेज उघडल्यावर सगळे लेयर (वेगळे जोडलेले लायब्रऱ्यांचे गठ्ठे) धरून २५० एमबीच्या आत बसवावं लागतं. पांडाज आणि त्याला लागणारं नमपाय मिळून त्यात बसतात, पण बरीच जागा खातात आणि त्यांच्यासोबत अजून एखादी जड लायब्ररी आली की ओढाताण सुरू होते. शिवाय दोन्हीत कंपाइल केलेला कोड आहे, त्यामुळे मॅकवर किंवा विंडोजवर पिप इन्स्टॉल करून तोच फोल्डर झिप करून चढवला की नमपायची सी एक्स्टेन्शन्स इम्पोर्ट झाली नाहीत असा तो प्रसिद्ध एरर येतो. लिनक्सची व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) मागवावी लागतात, प्रोसेसर आर्म घेतलाय की एक्स८६ ते जुळवावं लागतं. ओपनपायएक्सएल शुद्ध पायथन आहे, त्याला एकच छोटी डिपेंडन्सी, कुठल्याही मशीनवर झिप करा, चालतं. पण खरं सांगायचं तर हा मुद्दा आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. अमेझॉनचा स्वतःचा पांडाजवाला तयार लेयर मिळतो, २०२० च्या शेवटापासून १० जीबीपर्यंतची कंटेनर इमेजही चालते, आणि गूगलच्या फंक्शन्समध्ये तर रिक्वायरमेंट्सची फाइल दिली की बिल्ड तिकडेच होतो. त्यामुळे केवळ आकार बघून कोणी पांडाज सोडत असेल तर मी त्याला थांब म्हणेन.

कोल्ड स्टार्टचंही, म्हणजे थंड पडलेलं फंक्शन पहिल्यांदा सुरू होताना जाणाऱ्या वेळेचंही, तसंच. पांडाज इम्पोर्ट व्हायला वेळ लागतो, आणि कमी मेमरीच्या फंक्शनमध्ये जास्तच जाणवतो कारण लॅम्डामध्ये सीपीयू मेमरीच्या प्रमाणात मिळतो, पूर्ण एक व्हीसीपीयू १,७६९ एमबीला. १२८ एमबीवर ठेवून पांडाजला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी घड्याळ लावून काही मोजलेलं नाही, पण एकाच कामाची दोन फंक्शन्स शेजारी ठेवली तर पहिल्या कॉलला फरक डोळ्याला दिसतो. आता बकेटमधून ट्रिगर होणाऱ्या कामात समोर कोणी वाट बघत बसलेलं नसतं, त्यामुळे थोडा उशीर झाला तर काय बिघडतं? वेब रिक्वेस्टला उत्तर म्हणून फाइल द्यायची असेल तर मात्र बिघडतं.

आता ज्या एका कटकटीने माझा निर्णय झाला, ती.

पांडाज अंदाज बांधतं. सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण फंक्शनमध्ये तो अंदाज किती त्रास देतो ते वापरल्याशिवाय कळत नाही. समजा शीटमध्ये आयटम कोडचा कॉलम आहे, कोड असे: ००४१२, ००५३०, ०१२०७. एक्सेलमध्ये हे सेल टेक्स्ट म्हणून ठेवलेत, कोपऱ्यात तो हिरवा त्रिकोणही दिसतोय. पांडाजने वाचलं की त्या कॉलममधली सगळी टेक्स्ट आकड्यात बदलता येतायत असं त्याला दिसतं आणि ४१२, ५३०, १२०७ हातात येतं. शून्यं गेली. बरं, हे नेहमी असंच झालं असतं तर पहिल्याच टेस्टमध्ये सापडलं असतं आणि विषय संपला असता. पण कॉलममध्ये कुठे एखादा जरी कोड ए-१७ असा अक्षरवाला असला, तर अख्खा कॉलम आकड्यात जाऊ शकत नाही, मग पांडाज त्याला टेक्स्टच ठेवतं आणि सगळी शून्यं शाबूत राहतात. म्हणजे फंक्शन तेच, कोड तोच, कालची फाइल बरोबर आली आणि आजची चुकली, आणि फरक काय तर आजच्या फाइलमध्ये तो अक्षरवाला आयटम नव्हता! एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, फंक्शन हिरवं दाखवतंय, आणि पलीकडे ज्याला फाइल मिळते तो विचारतोय की यातला एकही कोड आमच्या मास्टरशी का जुळत नाही.

असंच प्रमाणाच्या कॉलमचं. सगळे पूर्णांक असले तर पूर्णांक राहतात, एक जरी सेल रिकामा असला की सगळे दशांशात, १२ चं १२.०. ते पुढे टेक्स्ट म्हणून कुठे जोडलं, फाइलच्या नावात किंवा एखाद्या ओळखक्रमांकात, तर "१२.०" असं चिकटतं. आणि शेऱ्याच्या कॉलममध्ये कोणी एनए लिहिलेलं असेल तर ते रिकामं समजलं जातं, मग ते नॉट अ‍ॅप्लिकेबल असो की कोणाच्या नावाची आद्याक्षरं.

यावर उत्तर आहे, आणि पांडाजवाले लगेच सांगतील: डीटाइप द्या, म्हणजे कॉलमचा प्रकार आधीच सांगा. बरोबर आहे. पण सगळ्याला स्ट्रिंग सांगितलं तर खरे आकडेही टेक्स्ट होतात, तारखा "२०२४-०३-०१ ००:००:००" अशा लांबलचक स्ट्रिंग होतात, आणि तसंच परत लिहिलं की समोरचा माणूस एक्सेलमध्ये बेरीज लावतो आणि शून्य येतं, कारण सगळा कॉलम टेक्स्ट. कॉलमच्या नावाने डीटाइप दिला तर तो चालतो, जोवर नाव तेच आहे तोवर. फाइल माणसं बनवतात, कधीतरी "कोड" च्या मागे एक स्पेस येते, मग तुमचं सांगणं त्या कॉलमला लागू होत नाही आणि पांडाज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. फाइल वाचणारं इंजिन बदलून ओपनपायएक्सएलऐवजी कॅलामाइन घेतलं तरी हा प्रकार तसाच राहतो, कारण अंदाज बांधणं त्याच्या वरच्या थरात होतं.

लॅपटॉपवर हे सगळं चालून जातं कारण वाचल्या वाचल्या आपण पहिल्या चार ओळी बघतो, नजरेला खटकतं, दुरुस्त करतो. फंक्शनमध्ये बघायला कोणी नसतं. माझ्यासाठी तराजू इथेच कलला.

ओपनपायएक्सएलमध्ये सेलमध्ये जे आहे ते मिळतं. टेक्स्ट असेल तर टेक्स्ट, आकडा असेल तर आकडा, रिकामा असेल तर नन (पायथनचं 'काही नाही'), आणि नंबर फॉरमॅट तारखेचा असेल तर डेटटाइम. शेजारच्या सेलमध्ये काय आहे यावर या सेलचं काही ठरत नाही. अजून एक बारकी गोष्ट. कधी कधी कोडचा सेल टेक्स्ट नसतोच, आत ४१२ हा आकडा असतो आणि वरून पाच शून्यांचा फॉरमॅट लावलेला असतो, त्यामुळे स्क्रीनवर ००४१२ दिसतं. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. ओपनपायएक्सएलमध्ये त्या सेलचा नंबर फॉरमॅट विचारता येतो आणि त्यावरून शून्यं परत लावता येतात (फक्त व्हॅल्यूज मागवल्या तर नाही, सेल मागवावे लागतात). डेटाफ्रेममध्ये ही माहिती आलेलीच नसते. बाकी सोळा-सतरा अंकी नंबर आकडा म्हणून टाइप केलेले असतील तर पंधरा अंकांच्या पुढचं एक्सेलनेच आधी खाल्लेलं असतं, तिथे कोणतीच लायब्ररी काही करू शकत नाही.

आता ओपनपायएक्सएलची कौतुकं बास, कारण त्याचेही नखरे आहेत.

पहिला म्हणजे मेमरी. साध्या मोडमध्ये वर्कबुक उघडलं तर फाइलच्या आकाराच्या साधारण ५० पट मेमरी लागते असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, ५० एमबीच्या फाइलला २.५ जीबी. म्हणजे ८ एमबीची निरागस दिसणारी फाइल ४०० एमबी मागणार, आणि फंक्शन २५६ वर असेल तर मध्येच मारलं जाणार, लॉगमध्ये फक्त सिग्नल किल्ड एवढं दिसणार, कुठला एक्सेप्शन नाही काही नाही. त्यामुळे वाचायला रीड-ओन्ली आणि नवीन फाइल लिहायला राइट-ओन्ली मोड, याला फंक्शनमध्ये पर्याय नाही असंच धरून चाला. पण रीड-ओन्लीमध्ये एकेक सेल नाव घेऊन मागायचा नाही, प्रत्येक वेळी तो शीट पुन्हा सुरुवातीपासून वाचत येतो आणि फंक्शन टाइमआउटला जातं. ओळीमागून ओळ, एकदाच, वरून खाली. राइट-ओन्लीमध्ये फ्रीझ पेन किंवा कॉलमची रुंदी हे सगळं पहिली ओळ लिहायच्या आधी ठरवावं लागतं, नंतर सुचलं तर उपयोग नाही, आणि सेव्हही एकदाच.

दुसरा नखरा म्हणजे शीट किती मोठं आहे हे रीड-ओन्ली मोड फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीवरून ठरवतो. काही सॉफ्टवेअर्स एक्सपोर्ट करताना ती माहिती चुकीची लिहितात, मग हजारो ओळींच्या शीटमधून एकच सेल हाती येतो. रीसेट डायमेन्शन्सची एक ओळ आधी घातली की सुटतं. उलटा प्रकारही होतो, कोणीतरी बॉर्डर खालपर्यंत ओढलेली असते आणि दहा लाख रिकाम्या ओळी येत राहतात, तिथे सलग बऱ्याच ओळी रिकाम्या आल्या की थांबायचं अशी अट स्वतःच घालावी लागते.

आणि वेगात ओपनपायएक्सएल मागे आहे, यात वाद नको. पांडाजच्या २.२ पासून कॅलामाइन इंजिन लावता येतं, ते रस्टमध्ये आहे, मोठ्या फाइलला फरक लगेच जाणवतो. पांडाज न घेता नुसतं पायथन-कॅलामाइन पॅकेजही वापरता येतं, ते अंदाजही बांधत नाही, फक्त ते वाचतं, लिहीत नाही, आणि कंपाइल केलेलं असल्यामुळे लिनक्सचं व्हील लागतं. मोठ्या फाइल्सच वाचायच्या असतील तर माझ्या मते हा मधला रस्ता चांगला आहे.

नुसतं लिहायचंच असेल, म्हणजे डेटाबेसमधून काढून रिपोर्ट बनवायचा, तर दोघांनाही बाजूला ठेवून एक्सएलएसएक्सरायटर बघा. शुद्ध पायथन, चार्ट आणि कंडिशनल फॉरमॅटिंग छान, कॉन्स्टंट मेमरी मोडमध्ये मोठी फाइलही कमी मेमरीत निघते, अट एकच की ओळी क्रमाने लिहायच्या. आधीची फाइल त्याला उघडता येत नाही. एक गंमत सांगतो, एक्सएलएसएक्स लिहिताना पांडाजला ही लायब्ररी दिसली तर तो हीच वापरतो, नाही दिसली तर ओपनपायएक्सएल. म्हणजे कोणी दुसऱ्याच कामासाठी लेयरमध्ये ती टाकली तर तुमच्या फंक्शनचं लिहिण्याचं इंजिन न सांगता बदलतं. इंजिनचं नाव नेहमी लिहून द्या.

आधीचा तयार टेम्प्लेट भरायचा असेल तर ओपनपायएक्सएलच, कारण पांडाज स्वतःचं साधं शीट लिहितं, टेम्प्लेटमधले रंग-बॉर्डर त्याच्या हिशोबातच नसतात. पण टेम्प्लेटमध्ये शेप्स असतील, बाण किंवा टेक्स्टबॉक्स, तर ओपनपायएक्सएल उघडून सेव्ह करताना ते गायब होतात. सेल, रंग, बॉर्डर, मर्ज केलेले सेल टिकतात. टेम्प्लेट बनवणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

काही त्रास दोघांकडे सारखेच आहेत, त्यासाठी निवड बदलू नका. एस-थ्रीमधून, म्हणजे अमेझॉनच्या बकेटमधून, मिळणारा स्ट्रीम तसाच लायब्ररीला दिला तर चालत नाही, कारण एक्सएलएसएक्स ही झिप असते, झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि या स्ट्रीममध्ये मागे-पुढे जाता येत नाही. आधी सगळं बाइट्सआयओमध्ये (मेमरीतल्या फाइलमध्ये) घ्यायचं. लिहिताना उलटं, बाइट्सआयओमध्ये सेव्ह केल्यावर कर्सर सुरुवातीला नेला नाही तर शून्य बाइटची फाइल अगदी यशस्वीपणे अपलोड होते. फाइलच्या नावात स्पेस असेल तर इव्हेंटमध्ये ती अधिकच्या चिन्हाच्या रूपात येते, ते नाव आधी डीकोड करून घ्या, नाहीतर फाइल असून सापडत नाही. एपीआय गेटवेमधून, म्हणजे वेब रिक्वेस्टच्या दारातून, फाइल परत द्यायची तर ती बेस६४ करावी, म्हणजे टेक्स्टच्या रूपात बदलावी लागते आणि उत्तर बेस६४मध्ये आहे हे सांगणारा फ्लॅग विसरला तर एक्सेल फाइल खराब आहे म्हणतो. शिवाय लॅम्डाच्या उत्तराला ६ एमबीची मर्यादा, बेस६४ने आकार तिसऱ्या हिश्शाने फुगतो, तेव्हा हातात येतात साडेचारच्या आसपास. मी तर फाइल बकेटमध्ये ठेवून साइन केलेली लिंक देतो, दोन्ही कटकटी जातात. गूगलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा की तिथला टेंप फोल्डर मेमरीतच असतो, तिथे फाइल लिहिली की ती मेमरीच्या हिशोबात धरली जाते.

फॉर्म्युल्यांचा त्रासही दोघांकडे आहे, पण तो जरा नीट समजून घ्या. या लायब्रऱ्या फॉर्म्युला लिहितात, त्याचं उत्तर काढत नाहीत. उत्तर काढतो एक्सेल, फाइल उघडल्यावर. त्यामुळे एका फंक्शनने ओपनपायएक्सएल वापरून बेरजेचा फॉर्म्युला लिहिला आणि दुसऱ्या फंक्शनने ती फाइल लगेच वाचली, मध्ये माणसाने एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीच नाही, तर बेरजेच्या जागी काहीच मिळत नाही. पांडाजमध्ये तो रिकामा सेल म्हणून येतो. ओपनपायएक्सएलमध्ये निदान वर्कबुक दोन पद्धतींनी उघडता येतं, एकदा फॉर्म्युले बघायला, एकदा साठवलेली उत्तरं बघायला, आणि फॉर्म्युला आहे पण उत्तर नाही असा सेल सापडला की फंक्शन ओरडून सांगू शकतं. साखळीतल्या फाइल्समध्ये मी आकडा पायथनमध्येच काढून लिहितो.

मग पांडाज कधी? दोन-तीन शीट्स जोडायची असतील, गटवार बेरजा काढायच्या असतील, पिव्होट करायचा असेल, तर ओपनपायएक्सएल आणि डिक्शनऱ्यांनी ते लिहीत बसणं म्हणजे स्वतःचाच छळ. तिथे पांडाजला तोड नाही, आणि ते मी तिथे वापरतोही. फक्त हल्ली फाइल वाचायचं काम त्याला देत नाही. ओळी ओपनपायएक्सएलने काढतो, हेडरच्या स्पेस छाटतो, कोडचे कॉलम स्ट्रिंग आहेत का तपासतो, नसतील तर तिथेच फंक्शन पाडतो, आणि मग त्या ओळींची डेटाफ्रेम बनवतो. अशी डेटाफ्रेम बनवली की टेक्स्टमधली शून्यं टेक्स्टमध्येच राहतात. पूर्णांकांच्या कॉलममध्ये रिकामा सेल असला तर दशांशाचा प्रकार मात्र इथेही होतो, त्याला रिकामं चालणारा पूर्णांकाचा डीटाइप लावायचा.

तुमच्या फाइल्स एखाद्या सिस्टीममधूनच येत असतील, माणसाचा हात लागत नसेल, आणि कॉलम कधीच बदलत नसतील, तर माझी कटकट तुम्हाला लागू नाही, खुशाल पांडाज घ्या, चार ओळीत काम होतं. माणसांनी भरलेल्या शीट्स असतील तर मी तरी ओपनपायएक्सएलच म्हणेन, कोड जास्त लिहावा लागतो हे मान्य करून.

जुन्या एक्सएलएस फाइल्स येत असतील तर ओपनपायएक्सएल त्यांना हात लावत नाही, एक्सएलआरडी किंवा कॅलामाइन लागतं. आणि एक्सएलआरडीने २.० पासून एक्सएलएसएक्स वाचणं बंद केलंय, त्यामुळे जुने लेख बघून ते सगळ्याला लावू नका. त्यातही आधी फाइलचे पहिले काही बाइट बघा, कारण जुन्या सिस्टीम्सकडून येणाऱ्या बऱ्याच एक्सएलएस फाइल्स आतून चक्क एचटीएमएल टेबल असतात, नाव फक्त एक्सेलचं. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक वेगळं छोटं फंक्शन आहे आणि ते मुकाट्याने पांडाजवर चालतं, एचटीएमएल टेबल वाचायची त्याची सोय आहे म्हणून. कोडचे कॉलम तिथेही नावानिशी टेक्स्ट करून घेतो आणि नाव सापडलं नाही तर फंक्शन पाडतो.